मरळीला जिती बेडकी

हसा, हसा… पण चूक माझी न्हाय, त्या चिलापी मासळीची हाय! तुम्हाला सांगतो, चार दिवस झाले, घराबाहेर निघालो न्हाय म्या. तोंड कुठं लपवू, सांगा!

आवं, तीस वर्षं कालव्यावर गळ टाकतोय. परंड्याच्या निम्म्या पोरांना म्याच शिकवलं, रोहूला कणकेची गोळी, त्यात शेंगदाण्याची पेंड, शिंगट्याला गांडूळ, आन् मरळीला जिती बेडकी… ती बी बारकी, गळ असा अलगद घालायचा की बेडकी पवत ऱ्हायली पायजे! म्हणून तर आमची वैष्णवी सासरी फुशारकी मारून आली, "आमचे अप्पा म्हणतील तो मासा आणतेत." झालं! व्याही रणधीरराव लेक-जावयासंगं पहिल्यांदाच घरी जेवायला आले, आन् बाजंवर टेकल्या टेकल्या म्हनले, "मग लिंबाजीराव, आज मरळ खाऊ घाला!" लेक माझ्याकडं अशी बघाया लागली… न्हाय म्हणू का? तुमीच सांगा!

गेलो. बेडकी लावली, तर चिलाप्यांनी तिचे पायच कुरतडले. गांडूळ लावलं, चिलापी. कणीक लावली, चिलापी. बोटाएवढी! आरं, तुला आवडनिवड हाय का न्हाय? त्यात वरनं कुणीतरी कालव्याचं गेट बंद केलं, पाणी उतरून घोट्यावर आलं. तवर मंडळींचा फोन, "वाटण झालं, चूल पेटली, तुमी कुठं हाव?" म्हनलो, "लागलीय, लागलीय, ओढतोय!"

तोंड कुठं लपवू, सांगा! टावेलात लपवलं आन् गेलो बाजारात. मासेवाल्याला म्हनलो, "एक मरळ, लवकर," आन् पाठ करून उभा ऱ्हायलो, वळखीचं कुणी बघू नये म्हणून. पिशवी घेतली की घर. अंगणात पाय टाकला न्हाय तर सुरू, "काय सांगू रणधीरराव, बेडकी बुडाली, काठी वाकली, म्या असा झटका दिला…" वैष्णवीचं तोंड कसं फुललं होतं म्हणता! आन् मंडळींनी पिशवी ताटात वतली.

बारा तुकडे. खवलं काढलेले, धुतलेले, डोकं येगळं.

जावई वर पत्र्याकडं बघतोय. रणधीररावांनी एक तुकडा उचलला, उलटा केला, पालथा केला… "लिंबाजीराव, लई धार हाय हो तुमच्या गळाला!"

सगळे हसले. जावई हसला, आमची मंडळी बी पदरात हसली. वैष्णवी तेवढी हसली न्हाय. गपचिप ताट उचलून आत गेली. तिथं मेलो म्या. व्याह्याचं काय न्हाय हो, लेकीनं माझ्या जिवावर मिरवलं होतं…

जेवले, पान खाल्लं, निघाले. वैष्णवी पाया पडाया वाकली आन् हळूच म्हनली, "अप्पा, पुढच्या बारीला अख्खीच मागा."

व्हय म्हनलो. गळाचं नाव तिनं बी काढलं न्हाय, म्या बी न्हाय.