तेलाची पातळी बरोबर होती

गाडी लिफ्टवर होती, इंजिन चालू होते आणि मी खाली उभा राहून प्लग सोडत होतो, इथून मी सांगू लागलो. जबाब घेणाऱ्या पोलीस साहेबांनी थांबवून आधी नाव विचारले. प्रणित बुधाजी घरत, वय ३४, धंदा गाडीदुरुस्ती, राहणार गव्हाण, ता. पनवेल.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी साडेनऊला माझे सख्खे मामा काशीराम यांनी त्यांच्या मुलाची, हृतिकची, ऑटोमॅटिक गाडी माझ्या पनवेलच्या गॅरेजवर आणली. गॅरेजची जागा मामांची आहे. त्यांच्या घरी पार्किंगच्या लादीवर लाल ठिपके पडले होते. ऑटोमॅटिकचे गिअर ऑइल लाल असते. तेच गळत असावे, असे मामांना वाटले. हृतिक घरी झोपला होता.

मामा म्हणाले, "तेलात काडी बुडवून बघ ना, किती हाय."

मी म्हणालो, "या गाडीला काडीच नाय, मामा. खालून बघायला लागतं."

"एवढी महागाची गाडी न् काडी नाय! आमची बैलगाडी बरी."

अशा गाडीत तेल ठरावीक गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, खालचा प्लग काढतात. धार लागली तर तेल जास्त. काहीच आले नाही तर कमी. थेंब थेंब आले तर बरोबर. थेंब थेंब आले. गळती कुठेही नव्हती. मी तसे सांगितले.

मामा म्हणाले, "देव पावला. पोरगा कालपासून बोलत नाय. मला वाटलं, गाडी कुठं आपटली."

प्लग लावून मी पुढच्या चाकामागे लाल डाग दिसले तिथे फडके फिरवले. फडके तेलकट झाले नाही. तिथेच रस्त्यावरच्या मजुरांच्या जॅकेटची चमकणारी पट्टी अडकली होती. पट्टीला केस होते.

मी मामांना गाडीखाली बोलावले. त्यांनी पाहिले. म्हणाले, "पंप लाव. धुऊन टाक."

"मामा, हा मानूस हाय."

"मला दिसतं."

ते स्टुलावर बसले. मी इंजिन बंद केले.

तेव्हा दहा चाळीस झाले होते. मी पोलिसांना फोन केला सव्वाअकराला. मधल्या वेळात मी पंपाचा पाइप जोडला होता. पाणी सोडले नाही.

पोलिसांनी हृतिकला उठवून जागा विचारली. साडेबाराला उलव्याच्या सर्व्हिस रोडलगतच्या गटारात रस्त्याच्या कामावरचा मजूर चांगो वाघे, वय अंदाजे ४०, सापडला. तो काल संध्याकाळी सातपासून तिथे होता. त्याचा श्वास चालू होता. हे मला पटेना, साहेबांनी दोनदा सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. वेळा मी सांगितल्या तशाच लिहिल्या आहेत. सही केली.

पुरवणी नोंद : दुसऱ्या दिवशी सकाळी ६.२० वाजता चांगो वाघे मयत झाल्याचे रुग्णालयातून कळवण्यात आले.