भिंतीवरची संध्याकाळ

पाळक : पडदा ओढून पाहिलात का?

नवरा : पाहिला, बाबा. वर चादर टाकली, मग पुठ्ठा ठोकला. काचा बसवायचं काम करतो मी, माझ्या हातून फट राहायची नाही. तरी ऊन भिंतीवर जसंच्या तसं. शेवटी चादर-पुठ्ठा काढून टाकलं, पडदाही सारून ठेवला.

पाळक : आता सकाळ आहे. आणि ही खिडकी तर...

बायको : मावळतीची. स्वयंपाकघरात या, तिथं रीतसर सकाळ आहे. या खोलीत मात्र परवाची संध्याकाळ अडकलीय. बसा ना, साहेब. चहा ठेवते.

पाळक : चहा राहू दे. कसं लालसर पडलंय हे. हात लावला तर भिंत कोमट लागते.

बायको : मी एका मुलीचा लग्नाचा झगा शिवतेय. पांढरा सॅटिन. तो टांगला होता तिथं, एका अंगानं पिवळा पडला. आता तिला काय सांगू, आमच्या घरात सूर्य मुक्कामाला आलाय म्हणून?

पाळक : कुणाला सांगितलंत का?

बायको : मी नाही सांगत कुणाला काही. ह्यांना विचारा.

नवरा : मी फक्त तुम्हालाच बोलावलं, बाबा.

बायको : बघा.

पाळक : भांडण परवाचंच ना? मिटलं का?

नवरा : मी माफी मागितली. तिनं माफ केलं.

बायको : केलं म्हटलं. तोंडानं.

नवरा : ऊन बोटभरही हललं नाही.

पाळक : तुमच्या लग्नात मी दोघांना एकच गोष्ट बजावली होती. शास्त्रात आहे, राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका.

बायको : आम्ही फारसं मनावर घेतलं नाही. सूर्यानं घेतलेलं दिसतंय.

पाळक : चेष्टा नको, पोरी. ही कृपाही असेल. तुम्हाला वेळ दिलाय देवानं.

बायको : वेळ कसला, साहेब. ती कोपऱ्यातली बॅग दिसते? भरून ठेवलीय. हे ऊन गेलं की मी बहिणीकडे जाणार. ह्यांना सांगितलंय तसं.

नवरा : म्हणून मी झोपत नाही, बाबा. भिंतीकडे बघत बसतो. सगळी दुनिया म्हणेल हे ऊन जाऊ दे. मी म्हणतो, राहू दे.

पाळक : इतकं काय झालं? चर्चच्या मंडळीत बायकोसाठी प्रार्थनेचा विषय मांडला, हा गुन्हा झाला का?

बायको : विषय.

पाळक : नवऱ्यानं बायकोवर स्वतःच्या देहासारखी प्रीती करावी. काळजीपोटीच बोलला तो.

बायको : काय बोलले ते तुम्ही ऐकलंत, मी नाही. मी घरी होते. मला कळलं ते गिऱ्हाइकाकडून. तिच्या कमरेला टेप लावून माप घेत होते. ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, काळजी करू नकोस, तुझी श्रद्धा परत यावी म्हणून आम्ही सगळे प्रार्थना करतोय. टेप हातातच राहिली माझ्या.

पाळक : तिच्या मनात वाईट नव्हतं.

बायको : कुणाच्याच नव्हतं. म्हणून तर मला ओरडताही येईना. मी ह्यांना एका रात्री सांगितलं होतं, उशीवर डोकं ठेवून. म्हटलं, हल्ली डोळे मिटून देवाला हाक मारली की रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं वाटतं. ते मी ह्यांना सांगितलं होतं. मंडळीला नाही.

नवरा : चुकलं माझं.

बायको : हे तुम्ही परवापासून म्हणताय. आणि भिंत ऐकत नाही.

पाळक : थांबा. भिंतीवर ही सावली कुणाची? दारातली?

नवरा : माझी.

पाळक : पण तू तर इथं बसलायस.

नवरा : मी इथं बसलोय, बाबा. भिंतीवर अजून दारातच उभा आहे, एक हात कडीवर. परवा तिनं विचारलं, तू सगळ्यांसमोर बोललास? तेव्हा मी असाच उभा होतो.

बायको : आणि ती मशीनवर वाकलेली मी. मशीन मी काल आतल्या खोलीत नेलं, सावलीतलं इथंच राहिलं. या उन्हात हात धरून बघा, नवी सावली पडतच नाही.

पाळक : खरंच की. देवा.

बायको : आधी मला भीती वाटली. मग सवय झाली. सवय झाली याची जास्त भीती वाटते.

पाळक : आणि तुमच्या दोघांच्या मध्ये? ते काय आहे?

नवरा : कोट टांगायचा स्टँड असेल.

बायको : आपल्याकडे तसला स्टँड कधी होता?

नवरा : मग कपाटाची असेल.

बायको : कपाटाला खांदे असतात का? मी कालपासून बघतेय ती. डावा खांदा जरा पडलेला. बगलेत काहीतरी जाड. साहेब, तुम्ही जरा तिथं उभे राहता? भिंतीला लागून.

पाळक : कशाला?

बायको : राहा ना.

पाळक : हं. राहिलो.

नवरा : बाबा, हलू नका.

पाळक : का? काय झालं?

नवरा : बरोब्बर बसलात तुम्ही त्यात. बगलेतल्या पुस्तकासकट.

पाळक : मी परवा इथं नव्हतो. मी घरी होतो, प्रवचन लिहीत होतो.

बायको : हे माझ्याशी बोलायच्या आधी कुणाकडे गेले होते, ते विचारा ह्यांना.

नवरा : तुमच्याकडे, बाबा. तिनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच. तुम्हीच म्हणालात, प्रार्थनासभेत मांड.

पाळक : म्हणालो. आणि तू मांडलंस तेव्हा सगळ्यांत आधी आमेन मीच म्हटलं. माझा हेतू...

बायको : हेतू चांगलाच होता. ती सावलीसुद्धा काही वाईट दिसत नाही. हात जोडून उभी आहे बिचारी. पण आमच्या खोलीत आहे.

पाळक : माणूस आईबापांना सोडून बायकोला जडून राहील. हे वचन मी प्रत्येक लग्नात वाचतो. तुमच्याही लग्नात वाचलं. हा वसतिगृहात माझ्या हाताखाली वाढला. मला वाटलं, याला सोडायला कोण आहे? पोरक्या पोराला ही ओळ लागूच पडत नाही.

नवरा : मलाही तेच वाटलं.

पाळक : या. दोघं इथं या. मी शेवटची प्रार्थना करतो, मग निघतो. बघू, काही होतं का.

नवरा : नको, बाबा.

पाळक : दोन शब्द, रे.

नवरा : नको. करायची असेल तर आम्ही करू. नाही जमली तर नाही करणार. तुम्ही आता या.

पाळक : मला घालवतोयस?

नवरा : हो. वाईट वाटतंय मला. पण तुम्ही या.

पाळक : बरं. येतो. दार मी लोटून घेतो. माझी टोपी तेवढी दे. हं, असू दे, सापडली.

(दार लागते.)

नवरा : गेले.

बायको : भिंत बघ.

नवरा : मधली सावली नाही.

बायको : आणि ऊन वर सरकलंय. मघाशी खुंटीच्या खाली होतं.

नवरा : म्हणजे मावळतंय. थांब. मला बोलू दे, पटकन बोलतो.

बायको : पटकन नको बोलूस. नीट बोल.

नवरा : तू मला अंधारात सांगितलंस आणि मी ते चारचौघांत उघडं केलं. तुलाच उघडं केलं. काळजी वगैरे नंतर सुचलं. मी घाबरलो होतो.

बायको : कशाला?

नवरा : तू म्हणालीस ना, पलीकडे कुणी नसतं. मी डोळे मिटतो तेव्हा पलीकडे बाबा असतात. त्यांचाच आवाज. लहानपणापासून. ते गेले तर माझंही घर रिकामंच आहे. हे तुला सांगायचं सोडून मी त्यांच्याकडे पळालो.

बायको : हे आधी का नाही बोललास?

नवरा : आता बोललो. कुणाला सांगू नकोस.

बायको : मी नाही सांगत कुणाला काही.

नवरा : माहीत आहे.

बायको : राग आहे मला अजून. थोडा आहे.

नवरा : असू दे. हात उचल बघू तुझा.

बायको : हा. हलली का?

नवरा : हलली. तुझी सावली हात उचलतेय.

बायको : तुझी दारातून निघाली बघ. अगदीच फिकी झालीय.

नवरा : ऊन गेलं. साधी सकाळ आहे ही. तुझी बॅग...

बायको : बॅगेचं मग बघू. रस्त्यावरून लोक डोकावतात. आधी पडदा ओढ.