भोकांनी बाटलेली नाचणी

चहात खुशाल बिस्किटं बुडवताय, पण माझी मुलं लहान होती तेव्हा आमच्या रत्नागिरीत बेकरीच्या बिस्किटाने माणूस बाटायचा. म्हणून मी नाचणीचं पीठ, गूळ, तूप सगळं घरचंच घेतलं. मुलांनी चकत्या थापल्या, हौसेने काडीने भोकं पाडली आणि मी वरखाली निखारे ठेवून त्या भाजल्या.

सासरे कडाडले, "भोकं? म्हणजे बिस्किटं. बाटवलंस घर."

"मामंजी, नाचणी आपलीच आहे हो."

"फेकून दे आधी." आणि बिस्कीट नजरेस पडलं म्हणून पुन्हा आंघोळीला गेले.

तेवढ्यात माझ्या धाकटीने त्याच चकत्या कुस्करून लाडू वळले. मामंजींनी येऊन दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि तिला म्हणतात कसे, "झकास झालेत गो. तुझ्या आईलाही शिकव."