शरणम्माची शेगडी आणि निळा कागद

...अन् वर शरणम्मा मलाच म्हणते, "लक्ष्मीबाई, दोन बुकं शिकलेल्या बायांचं हे असंच असतंय!" चौथी पास हो मी, तुम्हाला सांगते, चौथी! लेकीला, पुनमला, डॉक्टर करायचं म्हणून बिलोलीचं घरदार सोडून लातुरात एका खोलीत येऊन बसले. ती क्लासला जाते, मी भाकरी थापते, अन् संध्याकाळी वही हातात धरून तिचं पाठ घेते. कळत काही न्हाई, पण पोरगी कुठं अडखळली ते बरोबर धरते!

गेल्या सोमवारी धडा होता कार्बनचा. कार्बन म्हणजे आपला कोळसा हो. अन् ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू, पण स्वभावानं लुटारू! एकटा आला तर कार्बनजवळचे दोन इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढतो, दोघं आले तर चार. चार ओढले की होतो डायऑक्साइड, अन् तो पाण्यात गेला की आंबट! सोड्याच्या बाटलीत जिभेला टोचतो ना, तो हाच. अन् दोनच ओढले की मोनॉक्साइड. तो आंबट न्हाई, तुरट न्हाई, पाण्याशी बोलत सुद्धा न्हाई. मी म्हणलं, "कळलं! एक नणंद माहेरी आली तर भावजय गप राहते, दोघी आल्या की आंबट होते." तर पुनम म्हणते, "आई, त्या गप भावजयीलाच भ्यायचं. रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावती. माणूस बसल्या जागी आडवा!" तवाच मी गाठ मारली... आंबट न्हाई म्हणून कुणी गुणाचं नसतंय!

आता ही शरणम्मा, आमची घरमालकीण. तिची लेक देविका बाळंतपणाला आलेली, दहा दिवसांचं लेकरू. थंडीचे दिवस, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून हिनं काय करावं? खिडकीला गोधडी, दाराच्या फटीत चिंध्या, अन् बाजेखाली कोळशाची शेगडी! आमच्यात बी शेकतात, मी कुठं न्हाई म्हणते, पण दार किलकिलं ठेवतात हो! मंगळवारी दुपारी मी डिंकाचे लाडू घेऊन आत गेले, तर देविका पडल्या पडल्या म्हणते, "मावशी, डोकं लई ठणकून राहिलं... मळमळतंय..." अन् शरणम्मा लेकराकडं कौतुकानं बघून, "किती गुणाचं हो माझं बाळ! सकाळपासून रडलंच न्हाई!"

मला पुनमची ती गप भावजय आठवली! म्हणलं, "शरणम्मा, दार उघडा!"

"का म्हणून? धूर हाय का? न्हाई. डोळे चुरचुरतेत का? न्हाई. कोळसा कसा लाल फुललाय! माझी तीन बाळंतपणं ह्याच शेगडीवर निघाली, तुम्ही कोण मोठ्या सिव्हिल सर्जन?"

"अहो, आंबट न्हाई म्हणून गुणाचं नसतंय!"

"आंबट? बाळंतिणीला आंबट कोण देऊन राहिलंय हितं?"

आता हिला पुरावाच दावावा म्हणून मी पळत जाऊन पुनमच्या प्रयोगाच्या डब्यातला निळा कागद आणला, आंबट भेटलं की लाल होतो तो. ओला केला, बाजेपाशी धरला... निळा! अजून धरला... निळाच हो! शरणम्मानं टाळीच वाजवली, "बघा! तुमच्या लेकीचा कागदच म्हणून राहिला, शेगडी निर्दोष!" अन् मी... काय सांगू तुम्हाला, मी बी कागद उलटसुलट करून बघत बसले! कागद खोटं बोलंल का? तेवढ्यात क्लासहून आलेली पुनम उंबऱ्यातनंच ओरडली, "आई! मोनॉक्साइडला तो लाल होतच नसतोय! कालच पाठ घेतलंस ना माझं?"

घेतलं होतं की! सगळं पाठ होतं, अन् ऐन वेळेला आंबटच हुडकत बसले मी! आंबट न्हाई म्हणून गुणाचं नसतंय, हे जगाला सांगणारी मीच ना?

मग काय, पदर खोचला, चिंध्या ओढल्या, दार सताड, गोधडी अंगणात, गोधडीमागं शेगडी! शरणम्मा छाती बडवून, "वारा! वारा! माझी लेक मरंल!" मी लेकरू उचललं, पुनमनं देविकाला धरून बाहेर ओट्यावर आणलं. लेकरू कसं, ओल्या फडक्यावाणी ढिलं... हलवलं, पाठ चोळली... काही न्हाई... तोंड उघडलं, आवाज न्हाई... अन् मग असा टाहो फोडला म्हणता, सगळी गल्ली गोळा! ऑटोत घालून दवाखाना गाठला, मायलेकराला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणले, "अजून अर्धा तास गेला असता तर..."

शुक्रवारी दोघं धडधाकट घरी आली. शेगडी अंगणात गेली, एवढं मात्र झालं. पण लेकराला आता जो गळा सापडलाय, ते दिवसभर भोकाड पसरून राहिलंय! पुनम कानात कापूस घालून अभ्यास करती, अन् शरणम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडं बोट दावून सांगती, "सोन्यासारखं गप लेकरू होतं हो, हिनं रडवलं!"

आता काय भांडावं? भाकरी उलटते अन् म्हणते, "हाव बाई, मीच रडवलं."