मधल्या किमतीच्या यंत्राची परीक्षा

...आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, "पण साहेब, आवाज येतोय ना?" अहो, येतोय! येत नाही असं म्हणतंय कोण? खिळ्याला येतोय, पत्र्याच्या झाकणाला येतोय, माझ्या बुटाच्या बकलाला येतोय, परवा शेजारच्या काकू नुसती फाटकाची कडी लावून गेल्या तर त्यांनाही आला! सगळ्या पृथ्वीला आवाज येतोय हो, मला पाहिजे ती एक वस्तू सोडून!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस भर दुपारी परसात फावडं घेऊन यंत्राशी भांडतोय, म्हणजे ह्याचं काहीतरी सटकलंय. सटकलंयच म्हणा. पण त्याला कारण आहे.

मेटल डिटेक्टर घेतला मी. घेतला म्हणजे काय, हौस! रविवारी सकाळी नदीकाठी जायचं, कानाला हेडफोन, हातात दांडा, खाली ती थाळीएवढी तबकडी, जमिनीवरून अशी सुं-सुं फिरवायची आणि कधीतरी एखादं जुनं नाणं, एखादी तलवारीची मूठ... बायको म्हणाली, "आधी घरात हरवलेली छत्री शोधून दाखवा, मग तलवारी." ती तसंच बोलते. तर दुकानात गेलो. दुकानदाराने तीन मांडले. स्वस्तातला उचलला, तर म्हणाला, "हे खेळणं आहे साहेब, कशालाही ओरडतं." महागातल्याला हात लावला, तर म्हणाला, "हे तुम्हाला पेलणार नाही." आणि मग आवाज खाली आणून, जसा काही माझ्या मुलीला स्थळच सुचवतोय, "मधलं घ्या. मधलं घेणारा कधी फसत नाही."

मधलं घ्यावं माणसाने! अहो, मी जन्मभर मधलंच घेत आलोय. पंखा मधला, गादी मधली, नाटकाचं तिकीट मधलं... तिथून धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही, आणि तक्रार करावी तर मागे बसलेले म्हणतात तुमचं बरंय! मध्यम किमतीच्या वस्तूचा स्वभाव काय असतो, सांगू? स्वस्तातली वस्तू सरळ मूर्ख असते. महागातली शहाणी असते. मधलीला मत असतं, पण खात्री नसते! ह्या यंत्राचंच बघा. लोखंड असलं की जाड आवाज. चांदी असली की बारीक आवाज. आणि सोनं असलं की मधला. ठीक? आता थंड पेयाच्या डब्याची ती ओढायची कडी असते ना, तिला कुठला आवाज? मधला! सिगारेटच्या पाकिटातली चांदी? मधला! म्हणजे मधला आवाज आला की समजायचं, खाली एकतर नशीब आहे नाहीतर कचरा. हे मला यंत्राने सांगायला हवं होतं का? हे तर मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे!

बरं, आवडलं नाही तर आठवड्याच्या आत परत करायची सोय होती. म्हणजे आठवड्यात यंत्राची परीक्षा घ्यायला हवी. आणि परीक्षेच्या बाबतीत, तुम्हाला सांगतो, मी फार कडक आहे. माझं चष्म्याचं दुकान. लोक भिंतीवरची अक्षरं पाठ करून येतात हो! एक आजोबा तर मी दिवा लावायच्या आत शेवटची ओळ घडाघडा म्हणून मोकळे झाले, "बघा, नजर अजून शाबूत आहे" म्हणाले, आणि बाहेर पडताना काचेच्या दारावर आपटले. तेव्हापासून माझा नियम, ज्याची परीक्षा त्याला उत्तर माहीत नको. आता परसात आपणच वस्तू पुरायच्या आणि आपणच शोधायच्या, ही काय परीक्षा झाली? दुसऱ्याने पुरायला हव्यात. आणि कुठे पुरल्या ते मला कळता कामा नये.

इथे चुकलो. इथे! ह्या शहाणपणात!

कारण बायको गेलेली बहिणीकडे, तिचं नवीन घर लावून द्यायला. घरात मी आणि सासरे. आणि सासरे कोण? ज्या गृहस्थाने उभी हयात परीक्षा मंडळात काढली! प्रश्नपत्रिका, मोहोरबंद पाकिटं, कपाटाला दोन कुलपं. माझी बायको ज्या वर्षी परीक्षेला बसली त्या वर्षी हा मनुष्य तिच्याशी जेवताना एक शब्द बोलला नव्हता, न जाणो, तोंडातून काही निसटेल म्हणून! पोरीला वाटलं बाबा रागावलेत. ती अजून सांगते आणि अजून रडते. तर मी म्हटलं, बाबा, ह्या डब्यात खिळा आहे, चमचा आहे, किल्ली आहे, नाणं आहे, परसात कुठेही पुरा, मी दुकानात जाऊन येतो. काय चेहरा उजळला हो त्यांचा! कित्येक महिन्यांत तसा बघितला नव्हता. "जावईबापू," म्हणाले, "तुम्ही निर्धास्त जा. पेपर फुटणार नाही."

संध्याकाळी आलो. सासरे परसात खुर्ची टाकून बसलेले, कडक इस्त्रीचा सदरा, हातात घड्याळ. मी यंत्र सुरू केलं. खिळा सापडला. चमचा सापडला. किल्ली, नाणं, सगळं सापडलं! मी म्हटलं वा, मधलं घ्यावं माणसाने! खरंच म्हटलं हो, हसत म्हटलं. तर खुर्चीतून आवाज, "एक प्रश्न राहिला." मी म्हटलं, डब्यात तर एवढंच होतं. "पेपर फार सोपा होता. हुशार मुलांसाठी एक अवघड प्रश्न लागतो. मी घातला माझ्या मनाने. सोन्याचा."

सोन्याचा?

"कुठलं सोनं, बाबा?"

"ते सांगितलं म्हणजे पेपर फुटला."

आता गंमत बघा, मी हसलो! असेल एखादं बटण, असेल काही मुलामा दिलेलं. आणि तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, ऐका, कपाटातल्या लाल डबीत आईची अंगठी आहे, ती आहे ना बघून ठेवा. मावशीकडच्या लग्नात मी तीच घालणारे." आत गेलो, कपाट उघडलं, डबी उघडली. डबीत कापूस. नुसता कापूस! आई म्हणजे तिची आई, माझ्या सासूबाई, ज्या आता नाहीत, आणि त्यांची म्हणून घरात जी एकच वस्तू उरली आहे ती ह्या गृहस्थाने हुशार मुलांसाठी मातीत घातली!

मग काय विचारता! त्या दिवसापासून दुकानाला कुलूप, आणि मी परसात. पहिल्या दिवशी काहीच आवाज नाही. का? तर आता सोनंच शोधायचं म्हणून मी हौसेने 'कचऱ्याचे आवाज बंद' असं बटण दाबून ठेवलेलं! त्यात मधले आवाज बंद झाले, आणि मधल्यातच सोनं! म्हणजे मी अंगठीवरून दिवसभर तबकडी फिरवत असणार आणि हे यंत्र खाली बघून गप्प... कारण मीच त्याला सांगितलंय, बाबा रे, असल्यांच्या तोंडी लागू नकोस! मग ते बटण काढलं. तर आमच्या आधी इथे जे कोणी राहत होते, त्यांनी आयुष्यात पाणी म्हणून प्यायलं नसावं. कड्या! नुसत्या कड्या! टुं वाजलं की खण, कडी. टुं वाजलं की खण, कडी. फुलझाडं गेली, काकूंच्या कुंपणाचा खांब कलला, "विहीर काढताय का हो?" म्हणून काकू विचारून गेल्या, पाठ धरली, आणि खुर्चीतून दर तासाला, "वेळ संपत आला, परीक्षार्थींनी लक्षात घ्यावं."

मी पाया पडलो हो! "बाबा, नुसती दिशा सांगा. चिंचेकडे की नळाकडे?" मान हलवतात. "उभा जन्म पेपर फोडला नाही, आता फोडू?" मी म्हटलं तुमच्याच मुलीची अंगठी आहे, उद्या येतेय ती, काय सांगू तिला? तर "अभ्यास करा" म्हणतात! मी फावडं आपटलं. मी ओरडलो त्यांच्यावर. वयाचा मान, नात्याचा मान, सगळा सोडला आणि ओरडलो, "मी नापास! कोरा पेपर देतोय! आता तरी उत्तर सांगा!"

ते उठले. सावकाश चालत चिंचेपाशी गेले. काठी टेकवून म्हणाले, "इथे." खणलं. काही नाही. "मग... नळापाशी असेल." खणलं. काही नाही. मग भिंतीपाशी गेले, मग पुन्हा चिंचेपाशी आले, मीच खणलेल्या खड्ड्यात वाकून बघितलं, आणि माझ्याकडे वळून, एवढं बारीक तोंड करून म्हणाले, "तिची अंगठी मी मातीत कशाला घालीन हो, जावईबापू?"

पेपर फुटत नव्हता, कारण पाकिटात पेपरच नव्हता. इतके दिवस तो कडक सदरा घालून माणूस खुर्चीत बसला होता, आणि त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी अंगठीचं मला काही वाटेनासं झालं. भीती वाटली हो. हात धरला, खुर्चीत नेऊन बसवलं, पाणी दिलं. "तिला सांगू नका," म्हणाले. "पोरगी घाबरेल." एवढंच म्हणाले. ज्या माणसाचा सगळा ताठा त्याच्या स्मरणशक्तीवर उभा, त्याने एवढंच मागितलं. आता हे काम कुठल्या यंत्राने करायचं? मधलं घ्यावं माणसाने, मधलं! मुलगी इकडे, बाप तिकडे, आणि मध्ये कोण? मी!

दुसऱ्या दिवशी बायको आली. परसाची चाळण बघून दारातच थांबली. मी म्हटलं, चूक माझी आहे. अंगठी मीच पुरली. यंत्राची परीक्षा घ्यायची होती. आणि कुठे पुरली ते विसरलो.

पुढचं मी तुम्हाला सांगत नाही. तुम्हीही घरदार असलेली माणसं आहात. काकूंनी खिडकी लावून घेतली, एवढ्यावरून समजा. आईची आठवण काढून रडली ती, आणि तिचं ते रडणं मला बघवेना, पण तोंड उघडलं तर दुसऱ्या कशासाठी तरी रडली असती. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "विसरलात? अहो, ह्या वयात विसरलात? त्यापेक्षा बाबांना पुरायला सांगायचं होतं! त्यांना निदान आठवलं तरी असतं! शिका जरा त्यांच्याकडून!"

सासरे खुर्चीत. इस्त्रीचा सदरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ करून, मंडळातल्या त्या जुन्या आवाजात मुलीला म्हणाले, "जाऊ दे, पोरी. ग्रेस मार्क दे आणि पास करून टाक त्याला."

तर पास झालो मी. यंत्र परत करायची मुदत केव्हाच संपली. अंगठी अजून खाली आहे, रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर खणतो, रोज कड्या निघतात... आणि सासरे रोज खुर्ची आणून बसतात, रोज मोठ्या आस्थेने विचारतात, "काय शोधताय, जावईबापू?" मी म्हणतो, काही नाही बाबा, हौस आहे.