वजनदार भाग

भिवराबाई : न्हाई सर, पानी नको. तुमच्या घरीबी टँकरचंच असंल. आदी सांगा, माज्या उत्तरेश्वरला कालिजात तुमी काय शिकवलं?

बसवराज सर : राज्यशास्त्र. का हो?

भिवराबाई : काल जेलात भेटाया गेलते. म्हनला, "आई, म्या कायदाच पाळला. सरांनी शिकवलेला."

बसवराज सर : सातशे वर्षांमागं इटलीत एक पंडित होऊन गेला. तो म्हणायचा, कायदा राजाचा नसतो, धर्मगुरूचाही नसतो. ज्यांना पाळायचाय त्या सगळ्यांनी मिळून केला, तरच तो कायदा. उत्तरेश्वरला ते फार पटलेलं. पण जेल कशापायी?

भिवराबाई : आमची पानी संस्था हाय ना, तिची सभा पोरानंच बोलावली. ठरलं, तळ्यात उरलेलं पानी निस्तं प्यायला, उसाला मोटर लावायची न्हाई. समद्या गावानं हात वर केले. चेअरमन सुंदररावानंबी. आन् आठ दिसांत त्याचीच मोटर सुरू! उत्तरेश्वर गेला, मोटरची केबल तोडली. सुंदररावाच्या मानसांनी लई मारला सर त्याला. वरून चोरीची केस.

बसवराज सर : ठरावाची नक्कल आणा. मी स्वतः वकिलाकडं येतो.

भिवराबाई : कशाची नक्कल? आज सकाळी दुसरी सभा झाली. ठराव रद्द.

बसवराज सर : गावानंच?

भिवराबाई : गावचे टँकर सुंदररावाच्या हातात. म्हनला, ज्याचा हात खाली, त्याच्या गल्लीत टँकर यायचा न्हाई.

बसवराज सर : त्या पंडितानं पुढं अजून लिहिलंय, भिवराबाई. "सगळे लोक, किंवा त्यांच्यातला वजनदार भाग." म्हणजे ज्यांचं वजन, त्यांचा शब्द. शिकवताना तेवढं मी गाळायचो. वीस वर्षं गाळलं. पोरांची उमेद कशाला मोडा, वाटायचं.

भिवराबाई : सांगितलं असतं तर गेला नसता त्यो तळ्यावर.

बसवराज सर : नसता गेला. दुसऱ्या सभेत एकसुद्धा माणूस हात खाली ठेवून बसला नाही?

भिवराबाई : न्हाई. माजाबी वर गेला, सर. सून बाळंतीन हाय घरात. चवदा दिसाचं लेकरू हाय.

बसवराज सर : उत्तरेश्वरला हे कळलंय?

भिवराबाई : आजून न्हाई. सोमवारी परत भेट हाय, तवर कळंल त्याला. इचारंल त्यो, कोन कोन हात खाली ठिवून बसलं. माज्यानं न्हाई व्हायचं. तुमी जावा.

बसवराज सर : जाऊन काय सांगू?

भिवराबाई : आई तापानं पडलती म्हनावं. सभेला गेलीच न्हाई.