सहा कोरचा

तैपेईच्या कॉम्प्युटर बाजारात मी रांगेत उभी होते. माझ्यापुढचे म्हातारे गृहस्थ दुकानदार आ-हुंगला दोन स्वस्त प्रोसेसरबद्दल विचारत होते.

"चार कोरचा आणि सहा कोरचा, फरक किती पडतो रे?"

"करायचंय काय, काका? पत्रंबित्रं लिहायला चारचा भरपूर झाला."

"गेम."

"तुम्ही? वा, काका!"

"मुलगा."

"मग सहाचाच घ्या. चारवर गेम अडकतो, ऐन लढाईत मार खातो माणूस."

"असंच म्हणायचा तो. मी चारचाच आणला. म्हटलं, अभ्यासाला पुरे."

"आता बदला की. मदरबोर्ड कोणता आहे?"

"कागदाचा."

"काय?"

"देवळामागे कागदी वस्तू करून देतात ना, गेलेल्यांना पोचाव्यात म्हणून जाळायला? उद्या त्याला जाऊन एकोणपन्नास दिवस होतील. कारागीर म्हणाला, कॉम्प्युटरच्या आत काय लिहायचं ते विचारून या."

"काका... मग सगळ्यात महागडाच लिहा ना. कागदच तर आहे."

"नको. त्याने हाच मागितला होता. नाव नीट लिहून दे, एकही आकडा चुकवू नकोस."

"देतो. खाली पंखाही लिहितो, काका. हा जरा जास्त तापतो."